ट्रॅक्टर माळ्यावर टाकला, तरी खेळ थांबत नाही

पत्र :

नमस्कार ताई,

आम्ही कराड तालुक्यातले. जानेवारीत पालच्या यात्रेहून रात्री परत येताना मिस्टरांची मोटारसायकल रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना दिवा होता ना रिफ्लेक्टर. मिस्टरांच्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातलाय. सात वर्षांचा मुलगा मागे बसला होता. त्याला नुसतं खरचटलं, पण लोक गोळा होईपर्यंत तो अंधारात वडिलांजवळ एकटाच बसून होता.

याला आता पाच महिने झाले. तो रोज एकच खेळ खेळतो. यात्रेत घेतलेला ट्रॅक्टर, त्याच्या मागे काड्यापेट्यांची ट्रॉली, तिच्यावर एक छोटी गाडी धाडकन आपटायची, ‘आई गं’ म्हणून ओरडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. सासूबाईंना हे अभद्र वाटतं. त्यांनी ट्रॅक्टर माळ्यावर टाकला. त्याचं मागचं चाकही निघालंच होतं. आता तो जेवताना ताटावर वाटी आपटतो, झोपताना उशीवर काड्यापेटी आपटतो. मार्चपासून अंथरूण ओलं करायला लागलाय, आधी तीन वर्षं पूर्ण कोरडा होता. वडील नजरेआड झाले की रडतो, धाकटीला मारतो. शाळेतल्या बाई म्हणतात, लक्ष नसतं. (यात्रेत पाळण्यात बसायचा हट्ट त्याने केला म्हणून निघायला उशीर झाला, असं घरात एकदोनदा बोलणं झालं होतं, पण आता कुणी तो विषय काढत नाही.)

मुलांच्या डॉक्टरांनी प्ले थेरपीला, म्हणजे खेळातून करायच्या मानसोपचाराला, न्यायला सांगितलंय. मिस्टर म्हणतात, खेळायला पैसे कशाला मोजायचे, आणि तेही कोल्हापूरला जाऊन? याने खरंच काही होतं का? तो खेळ त्याला खेळू द्यायचा की नाही?

– एक आई

उत्तर :

प्रिय ताई,

सगळ्यात आधी तो ट्रॅक्टर माळ्यावरून खाली काढा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांचा लेक त्या रात्री थोडक्यात वाचला आणि तो आदळल्याचा आवाज नातू रोज त्यांच्या कानाशी काढतो. तो आवाज बंद व्हावा म्हणून त्यांनी हाताला आली ती वस्तू उचलून ठेवली. त्यांच्या जागी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं.

पण एक आठवून बघा. मिस्टर दवाखान्यातून घरी आले तेव्हा भेटायला किती माणसं आली? भावकी आली असेल, शेजारपाजार आला असेल, कामावरचे लोक आले असतील. प्रत्येकाने विचारलं असेल, ‘कसं झालं हो?’ आणि तुमच्या मिस्टरांनी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं असेल. अंधार कसा होता, समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडाने डोळे कसे दिपले, ट्रॉली कशी दिसलीच नाही. पन्नास वेळा तरी सांगून झालं असेल. ‘अभद्र बोलू नका’ असं त्यांना कुणी म्हटलं नाही. उलट चहा घेत, मान हलवत सगळ्यांनी ऐकून घेतलं. सांगता सांगता ती रात्र त्यांच्या अंगावरून थोडी थोडी उतरत गेली.

तुमच्या लेकाला कुणी विचारलं, ‘कसं झालं रे?’ बहुधा नाहीच. लहान आहे, त्याला काय आठवण करून द्यायची, असंच सगळ्यांना वाटलं असणार. आणि विचारलं असतं तरी सात वर्षांच्या मुलाकडे त्या रात्रीसाठी शब्द कुठले? त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, काड्यापेट्या आहेत. तो त्यांच्यातून सांगतोय. वस्तू काढून घेतल्या तर वाटी आणि चमच्यातून सांगतोय, कारण अजून त्याचं सांगून झालेलं नाही.

मुलांबरोबर काम करणाऱ्या माणसांना हा खेळ ओळखीचा आहे. १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चाउचिला या गावी २६ मुलांची शाळेची बस पळवून नेली होती. मुलांना आणि ड्रायव्हरला जमिनीखाली पुरलेल्या एका ट्रकच्या डब्यात कोंडलं होतं. सगळे जिवंत बाहेर आले. लेनोर टेर या मानसोपचारतज्ज्ञ त्या मुलांना पुढे काही वर्षं भेटत राहिल्या. मुलं भीती खेळतात, हे तर त्यांना दिसलंच. पण आणखी एक गोष्ट त्यांनी नेमकी टिपली : काही मुलांचा खेळ एकाच जागी रुतून बसतो. तोच प्रसंग, तोच शेवट, आणि खेळून झाल्यावर जिवाला आराम काही नाही.

तुमच्या पत्रात मी हेच शोधत होते. दवाखान्यातून घरी आलेलं मूल बाहुलीला इंजेक्शन देतं. पहिले चार दिवस बाहुली रडते, मग बाहुलीला गोळी मिळते, मग बाहुली घरी जाते आणि हळूहळू तो खेळ मागे पडून दुसरा सुरू होतो. हा खेळ पुढे सरकतो. असा खेळ घराघरांत चालतो आणि त्याला कुणा तज्ज्ञाची गरज नसते. तुमच्या लेकाच्या खेळात मात्र पाच महिन्यांत ॲम्ब्युलन्स आलेली नाही. लोक धावत आलेले नाहीत. ‘आई गं’ झालं की पुन्हा गाडी मागे नेऊन आपटायची. खऱ्या रस्त्यावर लोक आले, बाबांना उचललं, दवाखान्यात नेलं, बाबा वाचले. खेळात तो अजून अंधारातच बसून आहे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : खेळू द्या. आणि पहिल्या प्रश्नाचं : हो, डॉक्टरांनी सांगितलंय तिथे त्याला न्या. नुसतं घरी खेळू देऊन हा खेळ आपोआप सुटेल असं मला वाटत नाही. त्याच्या जोडीला कुणीतरी बसायला हवं.

आता तुम्ही कंसात लिहिलेल्या त्या ओळीबद्दल. पाळण्याच्या हट्टाबद्दल.

ताई, माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, आणि तुम्हालाही ते कुठेतरी जाणवलं असणार, नाहीतर तुम्ही ती लिहिलीच नसती. या वयाची मुलं जगातल्या घडामोडींचा संबंध स्वतःशी लावतात. आईबाबा भांडले तर माझ्यामुळे, आजोबा गेले तर मी त्यांना त्रास दिला म्हणून. कुणी काही बोललं नाही तरी ती असं मनाशी धरतात. तुमच्या लेकाने तर हे मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. ‘पाळण्यात बसायचा हट्ट केला नसता तर उजेडात घरी पोचलो असतो.’ बोलणारा विसरला असेल. आता कुणी बोलत नाही, हेही खरं. पण अचानक सगळे गप्प झाले की मुलाला वाटतं, ते इतकं खरं आहे की आता कुणाला बोलवतही नाही.

त्याच्या मनात हेच चाललंय, असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण बाबा नजरेआड झाले की रडणारा, रात्री अंथरूण ओलं करणारा, रोज नव्याने गाडी आपटवणारा मुलगा अशा एखाद्या ओझ्याखाली असणं अगदी शक्य आहे. आणि हे ओझं उतरवण्यासाठी कोल्हापूरच्या तारखेची वाट बघायची गरज नाही. आजच करता येईल. सांगायचं वडिलांनी. तुम्ही नाही, सासूबाई नाही, बाबांनीच. जवळ बसवून, साध्या शब्दांत : ‘त्या दिवशी पाळण्यात बसलो ते चांगलंच झालं, मलाही मजा आली. ट्रॉली अंधारात उभी होती, तिला दिवा नव्हता, म्हणून धडक झाली. तुझ्यामुळे काही झालं नाही. घरातलं कुणी तसं म्हणालं असेल तर ते चुकून बोलले.’ इतकंच. त्याने हो म्हणावं, रडावं, मिठी मारावी अशी अपेक्षा ठेवू नका. तो ‘मी खेळायला जाऊ?’ म्हणून उठेल. उठू द्या. आठपंधरा दिवसांनी बोलण्याच्या ओघात पुन्हा एकदा सांगा.

आता मिस्टरांच्या प्रश्नाकडे येते. खेळायला पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे. घरात मिळवता माणूस पाच महिने पडून असताना कुणीही विचारील.

प्ले थेरपीच्या खोलीत काय असतं ते सांगते. खोली मोठी नसते. एका भिंतीला मुलाच्या हाताला येईल इतकं बुटकं कपाट असतं आणि त्यात दर वेळी त्याच वस्तू त्याच जागी मांडलेल्या असतात. बाहुल्यांचं घर, आजीआजोबांसकट एक कुटुंब, डॉक्टरचा सेट, गाड्या, पोलिसाची जीप, ॲम्ब्युलन्स, गाय-बैल-वाघ-साप, भातुकलीची भांडी, हातात घालायच्या बाहुल्या, चिकणमाती, रंग. एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे. ट्रेचा तळ निळा रंगवलेला असतो, वाळू सारली की पाणी दिसावं म्हणून. या ट्रेची गोष्ट मला फार आवडते. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टरांनी १९२८ साली मुलांसाठी एक दवाखाना काढला. तिथे छोट्या छोट्या वस्तूंनी भरलेली पेटी होती आणि वाळूचा ट्रे होता. मुलं त्या वस्तू वाळूत मांडायची. आपण मांडलेल्याला मुलंच ‘जग’ म्हणायला लागली, आणि पुढे त्या पद्धतीला तेच नाव पडलं.

नुसती खेळणी मांडून मुलं रमवणारी एखादी जागा आणि ही खोली, यांत वस्तूंचा फरक फारसा नाही. फरक आहे तो समोर बसलेल्या माणसाचा. ती व्यक्ती शिकवत नाही. ‘लाल रंग कुठला सांग’ म्हणत नाही. ‘असं का केलंस?’ विचारत नाही, ‘शाब्बास’ही म्हणत नाही. १९४७ साली व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी या कामाची जी तत्त्वं लिहिली त्यांचा गाभा एवढाच आहे की वाट मूल दाखवतं, मोठा माणूस मागून चालतो, आणि घाई करत नाही. ऐकायला सोपं वाटतं. आठवड्यातून पाऊण तास कसलीही सूचना न देता, मोबाइल न बघता, एका मुलाकडे पूर्ण लक्ष देऊन बसून बघा, म्हणजे हे शिकायला वर्षं का लागतात ते कळेल.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पाच वर्षांची एक मुलगी माझ्याकडे प्ले थेरपीसाठी यायची. अंघोळीच्या कढत पाण्याने तिचा हात भाजला होता. जखम भरली होती, पण ती पाण्याला हात लावू देत नव्हती. माझ्याकडे आल्यावर पहिल्या दिवशी तिने बाहुली उचलली, भातुकलीच्या घंगाळात कोंबली आणि रिकामा तांब्या तिच्यावर ओतला. ‘गप! रडायचं नाही! सांगितलं होतं ना!’ म्हणून बाहुलीला फटका दिला. मी फक्त म्हटलं, ‘बाहुलीला खूप भाजतंय. आणि तिला ओरडा पण बसतोय.’ तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा तांब्या ओतला. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच, फक्त फटका जोरात. सहाव्या की सातव्या वेळी तिने तांब्या ओतला, थांबली, बाहुलीचा हात धरला आणि त्यावर फुंकर घालायला लागली. बराच वेळ घालत होती. मग म्हणाली, ‘तिने मुद्दाम नव्हतं सांडलं.’ मी म्हटलं, ‘नाही. तिने मुद्दाम नव्हतं सांडलं.’ त्या दिवशी तिने खऱ्या पाण्यात बाहुलीचे कपडे धुतले. ते वाक्य तिला मी सांगितलं असतं तर तिने ऐकून सोडून दिलं असतं. ते तिचं तिला सापडलं आणि ते सापडायला तिला सहा-सात आठवडे लागले.

मिस्टरांना सांगा, पैसे खेळाचे नसतात. तुमच्या लेकाने गाडी आपटली की घरात कुणी दचकतं, कुणी ओरडतं, कुणी डोळ्याला पदर लावतं. ते साहजिक आहे, तो अपघात तुमच्याही जिवाला लागलाय. पण मुलाला ते दिसतं, आणि आजी रडू नये म्हणून तो मधेच थांबतो किंवा मुद्दाम जोरात आपटतो. त्या खोलीत तो शंभरदा आपटू शकतो आणि समोरचा माणूस हलत नाही. ‘अंधार आहे. कुणी येत नाहीये,’ असं शांतपणे म्हणतो. आपल्याला दिसलेलं दुसऱ्यालाही दिसतंय आणि तरी तो घाबरून पळत नाही, हे मुलाला पहिल्यांदा तिथे कळतं. त्यानंतरच कधीतरी ॲम्ब्युलन्स कपाटातून बाहेर येते.

काही होतं का, असं तुम्ही सरळ विचारलंत, म्हणून सरळच सांगते. याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या स्यू ब्रॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशा ९३ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा प्ले थेरपी मिळालेल्या मुलांमध्ये चांगला फरक आढळला. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी की आईवडिलांनाच शिकवून त्यांच्याकडून मुलाशी खेळ घेतला, तिथे फायदा आणखी मोठा होता. त्याच वेळी हेही सांगायला हवं की अपघातासारख्या धक्क्यातून न सावरलेल्या मुलांसाठी बोलणं, चित्रं आणि भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं असलेली एक वेगळी उपचारपद्धतही आहे आणि धक्क्यावरच्या उपचारांत तिच्यामागे सर्वांत भक्कम पुरावा आहे. तिला ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हणतात. जाणकार थेरपिस्ट मुलाला पाहून काय कधी वापरायचं ते ठरवतात, आणि लहान मुलांसोबत त्याही कामात खेळ येतोच. तुम्ही जाल तिथे हे नाव घेऊन विचारा. चांगला माणूस याने दुखावला जात नाही.

माणूस कसा निवडायचा? दारावर ‘प्ले थेरपी’ लिहिलंय म्हणजे शिक्षण झालंय असं नाही. विचारा : शिक्षण कशात झालं, मुलांबरोबर किती वर्षं काम केलं, स्वतःच्या कामाबद्दल कुणा वरिष्ठांशी चर्चा करता का. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती बघता येते. पहिल्या भेटीत मुलाला बाहेर ठेवून तुमच्याशी नीट बोलणारी, गरोदरपणापासून सगळं विचारणारी व्यक्ती बरी समजा. ‘दहा सेशनमध्ये बरा करतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. कोल्हापूरचा खर्च झेपणार नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागात दाखवा. टेली-मानस हा सरकारी हेल्पलाइन नंबर १४४१६ आहे, फोन फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. प्ले थेरपी फोनवर होत नाही, पण जवळ कुठे जायचं हे विचारता येईल, आणि ताई, तुम्हाला स्वतःला रडू आलं तर त्यासाठीही तो नंबर आहे.

नेताना लेकाला काय सांगायचं, तर खरं. ‘अपघात झाल्यापासून तुला मनात खूप भीती वाटते ना, अशा मुलांसाठी तिथे एक खेळायची खोली आहे. तिथल्या ताई सुई टोचत नाहीत.’ येताना एसटीत ‘आज काय खेळलास? काय म्हणाल्या मॅडम?’ असं विचारू नका. तो आपणहून बोलला तर ऐका. खोलीत काय झालं याचा शब्दन् शब्द थेरपिस्ट तुम्हालाही सांगणार नाहीत, पण दर काही आठवड्यांनी तुम्हाला बोलावून तो कुठे आहे, घरी काय करायचं, हे सांगतील. नाही बोलावलं तर तुम्ही मागणी करा. मधेच एखाद्या आठवड्यात तो जास्त चिडचिड करेल, जास्त चिकटेल. तेवढ्यावरून सोडून देऊ नका, आधी थेरपिस्टशी बोला.

घरी काय करता येईल ते थोडं सविस्तर लिहिते, कारण निम्मं काम तिथेच आहे. १९६० च्या दशकात बर्नार्ड आणि लुईस गर्नी या नवराबायकोंनी आईवडिलांना हे खेळायचं तंत्र शिकवायला सुरुवात केली. मुलाचं आयुष्य ज्यांच्यासोबत जाणार त्यांच्याच हाती हे द्यावं, असा त्यांचा विचार. त्यातूनच आठवड्यातल्या अर्ध्या तासाची पद्धत रुळली.

एक बुटाचं खोकं घ्या. त्यात ट्रॅक्टर, गाड्या, एक ॲम्ब्युलन्स, काड्यापेट्या, घरातली माणसं दाखवणाऱ्या लहान बाहुल्या, थोडी माती, खडू, डॉक्टरचं काहीतरी, एखादा वाघ. महाग आणायची गरज नाही. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, खडे, बिया, पानं यांच्यावर अख्खी बालवाडी उभी केली होती. आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवा आणि ती चुकवू नका. धाकटीला तेवढा वेळ आजीकडे द्या. मग त्याला सांगा, ‘हा आपला दोघांचा खेळ. यात तुला हवं तसं खेळता येईल.’ आणि गप्प बसा. तो करेल ते शब्दांत म्हणा : ‘गाडी जोरात येतेय.’ ‘आदळली.’ ‘त्याला खूप लागलंय.’ तुम्हाला ‘अरे ॲम्ब्युलन्स बोलाव ना’ असं म्हणावंसं वाटेल. ओठावर आलं तरी म्हणू नका. ॲम्ब्युलन्स खोक्यात आहे, ती त्याला दिसतेय. त्याने सांगितलं, ‘आई, तू पोलीस हो,’ तर त्यालाच विचारा, ‘पोलीस काय म्हणतो?’ आणि तो सांगेल तेच म्हणा. संपायच्या पाच मिनिटं आधी सांगा, आणि वेळ झाली की खोकं बंद. इतर दिवशी तो ट्रॅक्टर त्याचाच आहे, त्याने हवं तेव्हा खेळावा. फक्त तुमचं पूर्ण लक्ष या अर्ध्या तासात.

धाकटीला मारणं मात्र कुठल्याच वेळी चालणार नाही. अशा वेळी तीन गोष्टी याच क्रमाने बोला : ‘तुला तिचा राग आलाय. पण तिला मारायचं नाही. राग आला तर या उशीला मार.’ ‘शहाणा मुलगा असं करतो का’ हे वाक्य काही दिवस घरातून काढून टाका. शहाणपणाने वागून वागून तो दमलाय.

अंथरुणाचं वेगळं सांगते. तीन वर्षं कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं की मनाचं कारण धरून चालण्याआधी लघवीची तपासणी, रक्तातली साखर आणि बद्धकोष्ठ नाही ना, हे मुलांच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. झालं असेल तर उत्तम. चादर बदलताना काही बोलू नका, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. पाणी तोडू नका, दिवसा भरपूर द्या.

शाळेतल्या बाईंना जाऊन भेटा. जानेवारीत काय झालं हे त्यांना कदाचित पूर्ण माहीतही नसेल. त्याला दाराजवळ किंवा बाईंच्या जवळ बसवलं आणि मधल्या सुट्टीत घरी एक फोन करू दिला, तर बराच फरक पडतो.

सासूबाईंना बाजूला ठेवून हे होणार नाही. त्यांना हे पत्र वाचून दाखवा. त्यांनी लेकराची दृष्ट काढली असेल तर काढू द्या, आजी आपल्यावरून मीठमोहऱ्या ओवाळते तेव्हा मुलाला बरंच वाटतं. फक्त खेळाला अभद्र म्हणू नका म्हणावं. त्यांना विचारा, लहानपणी त्या भातुकलीत काय काय खेळायच्या. त्यांच्या पिढीच्या भातुकलीत लग्नं होती, बाळंतपणं होती, आणि बाहुलीची सासू तिला छळायचीही. सगळं खेळून झालेलं असायचं. त्यांना आठवेल.

आणि तुमचे मिस्टर. त्यांच्याबद्दल तुम्ही पायाचं लिहिलंत, झोपेचं नाही. त्यांना झोप लागते का? पुन्हा गाडीवर बसायचं म्हटलं की अंगाला घाम फुटतो का? मुलगा त्यांना नजरेआड होऊ देत नाही, तेव्हा ते चिडतात की तेही त्याला सोडत नाहीत? त्या रात्री त्या अंधारात ते दोघंच होते. तुम्ही नव्हता, मी नव्हते. त्याच्याशी त्याबद्दल बोलू शकेल असा जगात एकच माणूस आहे, आणि पैसे कशाला मोजायचे म्हणणारा तो माणूस स्वतःही अजून त्यातून बाहेर आलेला नसेल, तर त्यांनाही डॉक्टरांशी बोलायला लावा. पुरुषांना पाय दाखवायला न्यायला सोपं जातं. पायाच्या तपासणीलाच नेता तेव्हा झोपेचं तुम्ही काढा.

रॉडमुळे त्यांना जमिनीवर मांडी घालून बसता येत नसेल. मग खेळ कॉटवर मांडा. ट्रॅक्टरचं निघालेलं चाक शोधून ठेवा, पण तुम्ही बसवू नका. ते आणि बारका स्क्रूड्रायव्हर बापलेकांपुढे ठेवा आणि स्वयंपाकघरात जा.